पात्यांची थरथर

दक्षिण स्कॉटलंडमधल्या एस्कडेलम्युअर इथे मेंढ्यांच्या कुरणांत 1962 पासून भूकंपमापकांच्या दोन लांबच लांब ओळी आहेत. जगात कुठेही झालेल्या अणुचाचणीचा हादरा टिपणं हे त्यांचं काम. शांत जागा म्हणूनच ती निवडली. पण जिथे माणसं कमी आणि वारा जास्त, तिथेच पवनचक्कीवाल्यांचाही डोळा असणार!

पवनचक्कीचा मनोरा वाऱ्याने डोलतो, शिवाय प्रत्येक पातं मनोऱ्यासमोरून जाताना त्याला बारीकसा धक्का बसतो. चक्र मिनिटाला 15 फेरे घेत असेल, तर तीन पात्यांचे 45 धक्के, म्हणजे सेकंदाला पाऊण. ही थरथर काँक्रीटच्या पायातून जमिनीत उतरते आणि पृष्ठभागालगत कित्येक किलोमीटर पसरते. पायाखाली काहीच जाणवत नाही. पंचाईत अशी, की दूरच्या स्फोटांच्या लहरी साधारण याच कंपनपट्ट्यात येतात. गाळून काय टाकणार?

कील विद्यापीठाच्या पीटर स्टाइल्स यांच्या गटाने 2005 मध्ये यावर अभ्यास केला. त्यातून सगळ्या पवनचक्क्यांच्या एकत्रित थरथरीला मर्यादा ठरली: 0.336 नॅनोमीटर, म्हणजे जेमतेम दोन-तीन अणूंची रुंदी! 10 किलोमीटरच्या आत पवनचक्की नाही; 50 किलोमीटरपर्यंत प्रत्येकीचा हिशेब. हा हिशेबही सरळ बेरजेचा नाही. पवनचक्क्या एका तालात फिरत नसल्याने तेवढ्याच अंतरावरच्या चार मिळून एकीच्या चौपट नव्हे, दुप्पटच गोंगाट करतात. अंतराचा फरक मात्र जबर: जवळची एकच पवनचक्की लांबच्या कित्येकींचा वाटा खाऊन टाकते.