चुणचुणीत मूल आणि आपण

तिसरे वर्षही न सरलेले मूल दुकानांवरील पाट्या वाचू लागले, की घरात आनंदाला उधाण येते. मग पाहुण्यांपुढे उभे करून त्याच्याकडून पाढे वदवून घेतले जातात. अशी काही मुले पहिलीत येईतो अबोल झालेली आम्ही पाहिली आहेत. चुकण्याचे भय त्यांच्या मनात घर करून बसते.

आपल्या गुजरातेतच, भावनगर येथे, गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. मुलाला धाक नको, बक्षिसाचे आमिषही नको, हाताला काम हवे, हा त्यांचा आग्रह होता.

तेव्हा बाळाला शेंगा सोलू द्याव्यात, पानांच्या वेळी वाट्या मोजून मांडू द्याव्यात. त्याने ‘का?’ विचारले, तर लगेच उत्तर न देता ‘चल, पाहू या’ म्हणावे. पुस्तक मागितले तर अवश्य द्यावे; मिटले तर पुन्हा उघडू नये. बुद्धी पाच वर्षांची असली, तरी हात आणि रडू तीन वर्षांचेच असते. मांडीची गरजही तेवढीच असते, हे आपण वडीलधाऱ्यांनी विसरू नये.