सर्वे नंबर 45/2 कसा लिहायचा?

मलप्रभा नदीच्या उगमाचे गाव कणकुंबी 1956 साली मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले. त्यामुळे इथल्या एकाच जमिनीचा पणजोबांच्या काळचा कागद मोडीत, आजोबांचा देवनागरीत आणि आजचा कन्नडमध्ये असू शकतो. असे कागद पंचायत, सोसायटी, शाळा आणि देवस्थान आपापल्या पद्धतीने ठेवू लागले, की कागद कपाटात असूनही सापडत नाही. त्यावर उपाय एकच: सगळ्यांनी मिळून लिहिलेली आणि सगळ्यांनी पाळलेली मार्गदर्शिका.

आपल्या भागाला हे नवे नाही. ब्रिटिश आमदानीत अँडरसन या आयसीएस अधिकाऱ्याच्या नियमपुस्तकाने मुंबई इलाख्यातल्या तलाठ्यांना गाव नमुन्यांचे ठरलेले क्रमांक दिले. फेरफार सहा नंबरला, हक्क सातला, पिके बाराला. म्हणून आपल्या खानापूर तालुक्याचे दप्तर साताऱ्याच्या तलाठ्यालाही उलगडे. ‘सातबारा’ हे नाव त्याच क्रमांकांचे.

आज हेच काम ऑनलाइन करता येते. एक सामायिक दस्तऐवज उघडायचा आणि रोज दप्तर हाताळणाऱ्या माणसांना त्यात घ्यायचे. सूचना कोणीही लिहावी, पण मूळ मजकुरात बदल एकाच संपादकाने करावा. प्रत्येक बदलापुढे तारीख आणि कारण हवेच. कारण नोंदवले नाही तर सहा महिन्यांनी तोच वाद पुन्हा उभा राहतो.

खरी कसोटी बारीक नियमांत लागते. समजा, सर्वे नंबर 45/2 चा 1962 सालचा फेरफार उतारा स्कॅन केला. विंडोज संगणक फाइलच्या नावात तिरकी रेघ घेत नाही. मग एक जण 45-2 लिहितो, दुसरा 45_2, तिसरा रेघ गाळून 452. हा तिसरा सर्वात घातक, कारण 452 म्हणजे वेगळीच जमीन. तेव्हा नियम एका ओळीत लिहावा: तिरक्या रेघेच्या जागी आडवी रेघ (-), दुसरे काही नाही. खाली नमुना द्यावा: ‘कणकुंबी-फेरफार-45-2-1962’. गावाचे नाव देवनागरी, कन्नड आणि रोमन लिपीत प्रत्येकी एकाच पद्धतीने लिहायचे, हेही तिथेच ठरवावे.

कोणता कागद किती वर्षे ठेवायचा, याचा तक्ता लगेच जोडावा. महाराष्ट्रातल्या कार्यालयांत अ वर्ग कायमचा, ब तीस वर्षांचा, क दहा वर्षांचा आणि ड एका वर्षाचा असतो. कर्नाटकातल्या कार्यालयाने अर्थातच तिथले नियम लावावेत. उपयोगी आहे ती वर्गवारीची रीत. मोडी कागद मात्र जाणकाराकडून वाचून घेतल्याशिवाय कोणत्याच वर्गात टाकू नये.

मार्गदर्शिका सर्वांसाठी खुली असावी, लोकांचे उतारे आणि आधार क्रमांक नव्हे. उदाहरणेही काल्पनिकच घ्यावीत.

तुमच्या संस्थेत हे काम काढणार असाल, तर पहिल्या बैठकीला अध्यक्षांच्या आधी दप्तर सांभाळणाऱ्या कारकुनाला बोलवा.