वाऱ्याचा सातबारा

कामगार संघटनेत ज्याची उमर गेली त्याने वसंत व्याख्यानमालेत पवनचक्क्यांवर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. महागाई भत्ता, बोनस, कंत्राटी पद्धत हे आमचे नेहमीचे विषय. आम्ही इंजिनियर नाही आणि शेतकरीही नाही. जे काही शिकलो ते कारखान्याच्या फाटकावर, कामगार न्यायालयाच्या बाकावर आणि सार्वजनिक वाचनालयात. तरीही हा विषय निवडला, त्याला कारण आहे. घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड या पट्ट्यात ज्यांच्याबरोबर आम्ही काम केले, त्यांतले पुष्कळ लोक सातारा जिल्ह्यातील पाटण आणि जावळी तालुक्यांतले. कोणी माथाडी, कोणी गिरणी बंद पडल्यावर रखवालदार झालेला, कोणी फिटर. ही मंडळी गावाहून परत आली की एक गाऱ्हाणे हमखास ऐकू येई : "पठारावर पंखे आले आणि ढग पळाले."

पहिल्यांदा ऐकले तेव्हा आम्हाला हसू आले होते. आज येत नाही. ते का, हे सांगण्यासाठीच हा खटाटोप.

वारा वीज कशी देतो

आधी यंत्र समजून घेऊ. पवनचक्की म्हणजे घरातल्या पंख्याचा उलटा व्यवहार. पंख्याला वीज द्यावी तेव्हा तो वारा देतो. पवनचक्कीला वारा मिळाला म्हणजे ती वीज देते. पाती फिरली की मनोऱ्याच्या डोक्यावर बसवलेले जनित्र फिरते आणि वीज तारेने खाली उतरते. यात ध्यानात ठेवण्याजोगा नियम एकच. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याची शक्ती दुप्पट होत नाही, आठपट होते. म्हणून कंपन्या साधी जागा शोधत नाहीत, त्या कडा शोधतात. अरबी समुद्रावरून येणारा मोसमी वारा सह्याद्रीवर आदळून वर चढतो आणि पठाराच्या माथ्यावर वेगाने सुटतो. साताऱ्याजवळचे चाळकेवाडीचे पठार आणि कोयना जलाशयाच्या वर, समुद्रसपाटीपासून सुमारे 1,150 मीटर उंचीवर असलेले वनकुसवडे पठार चक्क्यांनी भरले ते यामुळे. ज्या माथ्यावर नाचणी-वरईपलीकडे फारसे पिकत नव्हते, तेथली सर्वांत मोलाची वस्तू वारा होती. मात्र हे गावाला ठाऊक नव्हते.

एक मेगावॅटची चक्की वर्षभर पूर्ण जोमाने कधीच चालत नाही. जुन्या जागी जुन्या यंत्रांनी क्षमतेच्या पाचव्या हिश्शाइतकी वीज दिली तरी पुष्कळ. तेवढी धरली तरी वर्षाला साडेसतरा लाख युनिट होतात. महिना 150 युनिट जाळणाऱ्या सुमारे हजार बिऱ्हाडांची ती सोय झाली. धूर नाही, राख नाही, कोळशाची वाघीण नाही. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राभोवतीच्या माणसांनी जी राख सोसली ती पाहता ही गोष्ट लहान नव्हे. महाराष्ट्रात आज 5,000 मेगावॅटहून अधिक क्षमतेच्या पवनचक्क्या उभ्या आहेत. 2025 च्या मार्चअखेर देशात हा आकडा 50,000 च्या पुढे गेला. तेव्हा आमची भूमिका आरंभीच सांगतो : पवनचक्क्या हव्यात. वाद आहे तो कोणत्या अटींवर हव्यात, याबद्दल.

ढगांचे गाऱ्हाणे

आता ढगांकडे वळू. 2003 साली सातारा-सांगली भागात कडक दुष्काळ पडला आणि पवनचक्क्यांनी पाऊस पळवला हे बोलणे गावोगाव पसरले. शास्त्राच्या कसोटीवर ते टिकत नाही. त्या काळच्या चक्क्यांच्या पात्याचे टोक जमिनीपासून शंभर मीटरच्या आसपास पोहोचे. पाऊस देणारा मोसमी ढग कित्येक किलोमीटर उंच चढलेला असतो. चक्क्यांमुळे जमिनीलगतची हवा ढवळली जाते, रात्री जमिनीजवळचे तापमान किंचित बदलते, इतके संशोधनातून दिसले आहे. पण ढग हाकलण्याचे बळ त्यांच्यात नाही. महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तेथून पूर्वेला सुमारे शंभर किलोमीटरवरच्या माण तालुक्यात जेमतेम 500. हा पर्जन्यछायेचा खेळ सह्याद्री उभा आहे तेव्हापासूनचा. 1972 चा दुष्काळ पडला तेव्हा या पठारांवर एकही पवनचक्की नव्हती.

मग गावकरी अडाणी होते काय? तसे म्हणणे सोपे आहे, आणि शहरातल्या शिकलेल्या माणसांनी ते पुष्कळदा म्हटले. आम्हाला ते मान्य नाही. कारखान्यात आम्ही एक गोष्ट शिकलो. कामगार उपाहारगृहातल्या चहाबद्दल ओरडू लागला की समजावे, दुखणे चहात नाही. खरी तक्रार मांडायला जागा नसली की ती भलत्याच तोंडाने बाहेर पडते. ढगांची तक्रार अशीच होती. पठारावर काय घडले हे गावाने पाहिले होते. पण त्याला कोणी विचारले नव्हते.

आणि घडले पुष्कळ होते. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी चाळकेवाडीच्या पठाराचा अभ्यास करून 2018 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. जेथे चक्क्या होत्या तेथे शिकारी पक्षी, चक्क्या नसलेल्या जागांच्या मानाने, जवळजवळ चौथ्या हिश्शावर आले होते. घिरट्या घालणारे शत्रू कमी झाले म्हणून गळ्याला रंगीत पंखा असलेल्या सरड्यांची दाटी वाढली आणि त्यांची भीड चेपली. या सरड्यांच्या गटाला 2016 साली शास्त्रीय नाव देताना शास्त्रज्ञांनी आपला मराठी 'सरडा' हाच शब्द घेतला आहे. तेव्हा पठार बदलले, हे गावकऱ्याचे म्हणणे खरे होते. काय बदलले, एवढेच त्याने चुकीचे सांगितले.

कागद कोणी वाचला?

आता मुख्य मुद्दा. धरण, खाण किंवा औष्णिक केंद्र काढायचे तर सामान्यतः जनसुनावणी घ्यावी लागते. पर्यावरणीय मंजुरीसंबंधी 2006 ची जी केंद्र सरकारची अधिसूचना आहे, तिच्या यादीत पवनऊर्जा नाही. वारा स्वच्छ, म्हणून प्रकल्पही स्वच्छ, असे गृहीत धरले गेले. त्यामुळे गावाला चार लोकांसमोर उभे राहून प्रश्न विचारण्याचा जो एक हक्काचा दिवस मिळाला असता, तो मिळालाच नाही. खाजगी जमीन सरकारने संपादन केली तर कायद्याचे काही संरक्षण असते. ती कंपनीने दलालामार्फत विकत घेतली तर तो दोघांमधला खाजगी सौदा ठरतो.

सातारा, सांगली, धुळे या जिल्ह्यांतून आलेल्या तक्रारी साधारण एकाच जातीच्या आहेत. सातबाऱ्यावर आठ सहहिस्सेदार, त्यांतले पाच मुंबईत. दलालाने एकाची सही घेतली. कोणाला साठेखत म्हणून सांगितले ते कुलमुखत्यारपत्र निघाले. एका चक्कीपुरती जागा विकली; पण रस्ता आणि तारांचे खांब शेजाऱ्याच्या बांधावरून गेले. साक्री तालुक्यात पिढ्यान्‌पिढ्या वनजमीन कसणारे आदिवासी विरोधात उभे राहिले. पुणे जिल्ह्यात भीमाशंकर परिसराच्या डोंगरांत एका प्रकल्पासाठी सुमारे 194 हेक्टर वनजमीन वळवली गेली, प्रा. माधव गाडगीळ यांच्या पश्चिम घाट समितीने 2011 च्या अहवालात नोंदवले की, ज्या डोंगरावर लोक शतकानुशतके मोकळे फिरत होते तेथे त्यांना अडवले जाऊ लागले.

शिवाय चक्कीचा मालक गावाला कधी दिसलाच नाही. आरंभीच्या काळात पवनचक्की विकत घेणाऱ्या उद्योजकाला तिची सर्व किंमत पहिल्याच वर्षी घसारा म्हणून उत्पन्नातून वजा करण्याची करसवलत होती. पुढे ती 80 टक्के झाली आणि 2017 पासून 40 टक्के. म्हणजे कित्येकांनी वाऱ्यासाठी नव्हे, प्राप्तिकरासाठी चक्क्या घेतल्या. यंत्र पाटणच्या माथ्यावर, मालक दूरच्या शहरात, आणि गावाच्या वाट्याला कंत्राटदाराकडची रखवाली.

येथे आम्हाला आमचीच एक चूक आठवते. 1990 नंतरची गोष्ट. लाल बहादूर शास्त्री मार्गावरच्या एका कारखान्यात व्यवस्थापनाने स्वेच्छानिवृत्तीचे कागद काढले आणि कामगारांना एकेकाला केबिनमध्ये बोलावले. आम्ही तरुण होतो, कमिटीवर नवे होतो. "ज्याचा त्याचा प्रश्न आहे, ज्याने त्याने ठरवावे," असे आम्हीच म्हणालो. चार दिवसांत निम्मे खाते रिकामे झाले. पाटणचा एक फिटर सही करून बाहेर आला आणि म्हणाला, "दादा, रक्कम बरी वाटली हो. पण पुढचं काय, ते कुणी बोललंच नाही." पुढे त्याच माणसाने गावाकडच्या जमिनीच्या कागदावरही अशीच सही केली. आम्ही त्याला दोष देत नाही. त्याच्या शेजारी बसून कागद वाचायला कोणी नव्हते, आणि पहिल्या वेळी तरी ते काम आमचे होते.

एकेकट्याने केलेला सौदा आणि सर्वांनी मिळून केलेला करार यांतले अंतर शिकवण्यातच आमची हयात गेली. पाटण तालुक्यात डॉ. भारत पाटणकर यांच्या श्रमिक मुक्ती दलाने पवनचक्कीग्रस्त शेतकऱ्यांना संघटित केले, तेव्हा चर्चेची भाषा बदलली. ढग मागे पडले. मोबदला आणि वाऱ्यावरचा हक्क पुढे आले.

जेथे उघड वाटाघाट नसते तेथे दुसरेच कोणी शिरते. 2024 च्या डिसेंबरात बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा निर्घृण खून झाला. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीशी या खुनाचा संबंध असल्याचे तपास यंत्रणेने आरोपपत्रात म्हटले आहे. निवाडा न्यायालय करील. आपण एवढेच ओळखावे की, ग्रामसभेत व्हायचे बोलणे बंद दाराआड गेले की त्याची किंमत गावाला मोजावी लागते.

मुंबईचे देणे

श्रोत्यांपैकी कोणी म्हणेल, याच्याशी अंधेरी-बोरिवलीचा काय संबंध? संबंध शंभर वर्षांचा आहे. 1921 साली मुळशी खोऱ्यातील मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला, तो टाटांच्या धरणाविरुद्ध. आणि त्या धरणाची वीज मुंबईला येणार होती. तेथेही पुण्यातल्या सावकार जमीनमालकांना मोबदल्यात रस होता, आणि जमीन कसणाऱ्या मावळ्यांची चूल विस्थापित झाली. नंतर कोयना आली. आज 1,960 मेगावॅटच्या या प्रकल्पावर महाराष्ट्र अभिमानाने बोलतो. पण तिच्या विस्थापितांच्या मुला-नातवंडांना पुनर्वसनाच्या हक्कासाठी धरणे धरून बसावे लागले. मुलुंडला वीज महावितरण देते, अंधेरीला अदाणी किंवा टाटा. बिलाचा रंग वेगळा असला तरी त्यावर डोंगराचा हिशोब कोठेच लिहिलेला नसतो.

आता काय करावे?

हा प्रश्न आजच विचारण्याचे कारण आहे. पवनचक्कीचे आयुष्य वीस ते पंचवीस वर्षांचे. साताऱ्याच्या पठारांवरील पहिल्या चक्क्या आता म्हाताऱ्या झाल्या. लहान चक्क्या काढून त्याच जागी मोठ्या उभाराव्या, असे केंद्र सरकारचे धोरण 2016 साली आले आणि 2023 साली ते सुधारले गेले. म्हणजे कागद पुन्हा निघणार. गावाला दुसरी संधी फार क्वचित मिळते; ही मिळते आहे.

त्या वेळी काय मागावे? पहिले, कोणतीही सही होण्यापूर्वी ग्रामसभा. आणि मुंबईतल्या सहहिस्सेदारांना कळेल अशी तिची तारीख. दुसरे, करार मराठीत, आणि तो मोठ्याने वाचून दाखवलेला. तिसरे, शक्य तेथे विक्रीऐवजी भाडेपट्टा, आणि निघालेल्या युनिटांवर ठरलेला वाटा. कारण जमीन एकदा विकली जाते, वारा रोज येतो. चौथे, चक्की मोडीत निघाल्यावर तिचा काँक्रीटचा पाया कोणी उखडायचा, हे आधीच लिहिलेले असावे. पाचवे, रखवालीच्या आणि देखभालीच्या कामावर गावची मुले, ती कायद्याच्या वेतनावर.

हे स्वप्नरंजन नव्हे. डेन्मार्कमध्ये 2009 पासून काही वर्षे कायदाच होता की, नव्या पवनचक्कीच्या मालकीतला किमान पाचवा हिस्सा साडेचार किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना देऊ करावा. कोपनहेगनच्या समुद्रात 2000 साली उभ्या राहिलेल्या वीस चक्क्यांपैकी निम्म्या हजारो सामान्य नागरिकांच्या सहकारी संस्थेच्या आहेत. ज्या महाराष्ट्राने 1950 साली प्रवरानगरला शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना चालवून दाखवला, त्याला हे अगम्य असण्याचे कारण नाही. सहकारातले दोषही आम्हाला ठाऊक आहेत; पण सभेत उभे राहून अध्यक्षाला जाब विचारता येतो, दूरच्या मालकाला विचारता येत नाही.

शेवटची विनंती मुंबईकरांना. आपल्यापैकी अनेकांची नावे गावच्या सातबाऱ्यावर अजून आहेत, आणि दलालाचा फोन बहुधा आपल्यालाच आधी येतो, कारण आपण लांब आहोत आणि घाईत आहोत. त्या फोनला एकच उत्तर द्यावे : "गावात येतो, ग्रामसभेत बोलू." मे महिन्यात गावी जाणारच आहात. जाताना आंब्याच्या पेटीची जागा पाहून ठेवता, तसा सातबाराही पाहून या. वाऱ्याचा सातबारा निघत नाही, हे खरे. म्हणून तर तो ज्यांच्या माथ्यावरून वाहतो, त्यांनी एकत्र बसून त्याचा हिशोब लिहून घ्यायचा असतो.