देश हरवलेल्यांचा पासपोर्ट

१९२१ च्या अखेरीस लेनिनच्या सरकारने एक फर्मान काढले आणि क्रांतीनंतर परागंदा झालेल्या लाखो रशियनांचे नागरिकत्व गेले. कॉन्स्टँटिनोपल, बर्लिन, पॅरिस इथे ही माणसे अडकून पडली. कागद नाही म्हणून सीमा ओलांडता येईना, आणि राहत्या देशाने हाकलले तर जायला ठिकाण नाही.

राष्ट्रसंघाने हा प्रश्न नॉर्वेच्या फ्रित्योफ नान्सेन यांच्याकडे सोपवला. १८८८ मध्ये ग्रीनलंडचा बर्फ स्कीवरून पार करणारा हा शास्त्रज्ञ पुढे मुत्सद्दी झाला होता. पहिले महायुद्ध संपूनही छावण्यांत खितपत पडलेले चार लाखांवर युद्धकैदी मायदेशी पोचवण्याचे काम त्यांनीच हाती घेतले होते.

नान्सेन यांनी सरकारांकडे नागरिकत्व मागितले नाही; ते कोणी दिलेच नसते. जुलै १९२२ मध्ये जिनिव्हात त्यांनी एवढेच पदरात पाडून घेतले, की निर्वासित जिथे आहे तिथल्या सरकारने त्याला ओळखपत्र द्यावे आणि इतर सरकारांनी ते मानावे. हाच ‘नान्सेन पासपोर्ट’. पुढे पन्नासवर सरकारांनी तो मान्य केला. १९२४ पासून आर्मेनियन निर्वासितांनाही तो मिळू लागला. त्यावर दरवर्षी पाच सुवर्ण फ्रँकचे, नान्सेन यांचे चित्र असलेले तिकीट लागे. तो पैसा निर्वासितांच्याच कामी येई. लेखक नाबोकोव्ह याच पासपोर्टवर वावरले.

त्या कागदाने दुसऱ्या देशात प्रवेश मिळेलच याची हमी नव्हती. सुरुवातीला तर तो देणाऱ्या देशात परतण्याचाही हक्क नव्हता. तरीही मला हे यश फार मोठे वाटते, कारण कुठल्याच राज्याचा नसलेला माणूस त्यामुळे प्रथमच कायद्याच्या नजरेस पडला.

नान्सेन यांच्या कारकिर्दीला एक काळी बाजूही आहे. ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यातल्या सक्तीच्या लोकसंख्या अदलाबदलीसाठी त्यांनी पुढाकार घेतला. १९२३ च्या त्या कराराने दहा लाखांहून जास्त माणसांची घरे कायमची सुटली. शांततेसाठी मोजलेली ही किंमत मला समर्थनीय वाटत नाही.

नान्सेन पासपोर्टची कल्पना पुढे नेत १९५१ च्या निर्वासित कराराने प्रवासाचा कागद देणे हे सरकारांचे कर्तव्यच ठरवले. भारताने त्यावर सही केलेली नाही. इथल्या तिबेटी निर्वासितांना आपले सरकार परदेशप्रवासासाठी ओळखपत्र देते, पण निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा आपल्याकडे आजही नाही. तो संसदेने करायला हवा.