वेतनमर्यादेच्या चौकटीत संघाची फेररचना : कॅन्सस सिटी चीफ्सच्या ‘ऑफेन्सिव्ह लाइन’चा अभ्यास

बीजसंज्ञा : वेतनमर्यादा, अमेरिकन फुटबॉल, ऑफेन्सिव्ह लाइन, करार, ड्राफ्ट, श्रममूल्य

प्रस्तावना :

व्यावसायिक खेळ हा आज केवळ क्रीडांगणापुरता मर्यादित राहिलेला नसून अर्थशास्त्र, व्यवस्थापनशास्त्र व श्रमसंबंध यांच्या अभ्यासाचेही ते एक महत्त्वाचे क्षेत्र बनले आहे. या क्षेत्रातील एक लक्षणीय संकल्पना म्हणजे ‘सॅलरी कॅप’ अर्थात वेतनमर्यादा होय. संघमालकाकडे कितीही संपत्ती असली तरी खेळाडूंवर ठरावीक रकमेपेक्षा अधिक खर्च करता येत नाही, हे तिचे मूलतत्त्व. इंडियन प्रीमियर लीगच्या लिलावामुळे हे तत्त्व आपल्याकडेही परिचित झाले आहे. २०२५च्या हंगामासाठी प्रत्येक संघास १२० कोटी रुपयांची मर्यादा होती. अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीग म्हणजेच एनएफएलमध्ये वेतनमर्यादा १९९४ पासून लागू असून पहिल्या वर्षी ती ३.४६ कोटी डॉलर होती. २०२५ मध्ये ती २७.९२ कोटी डॉलरवर पोहोचली.

अशा मर्यादेत राहून एखाद्या संघाने आपला कमकुवत झालेला विभाग नव्याने कसा उभारावा, या प्रश्नाचा विचार करण्यासाठी कॅन्सस सिटी चीफ्स या संघाचे उदाहरण उद्बोधक ठरते. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी झालेल्या सुपर बोल या अंतिम सामन्यात टॅम्पा बे बकनीअर्सने या संघाचा ३१-९ असा पराभव केला. त्यानंतर सात महिन्यांच्या आत चीफ्सने आपल्या पुढील फळीतील पाचही जागांवर नवे खेळाडू आणले. हे कसे शक्य झाले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

उद्दिष्टे :

१. अमेरिकन फुटबॉलमधील पुढील फळीचे कार्य स्पष्ट करणे.
२. वेतनमर्यादेची कार्यपद्धती समजून घेणे.
३. चीफ्स संघाने केलेल्या फेररचनेचे व तिच्या परिणामांचे विवेचन करणे.

पुढील फळीचे स्वरूप :

अमेरिकन फुटबॉल हा खेळ आपल्याकडील फुटबॉलहून पूर्णतः भिन्न आहे. लंबगोल चेंडू हाती घेऊन अथवा फेकून तो प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत नेणे हे या खेळाचे उद्दिष्ट असते. प्रत्येक संघाचे ११ खेळाडू मैदानावर असतात. आक्रमणाची सूत्रे क्वार्टरबॅक या खेळाडूच्या हाती असतात. चेंडू कोणाकडे फेकावा याचा निर्णय त्यास दोन-तीन सेकंदांत घ्यावा लागतो आणि तेवढा अवधी त्याला मिळवून देणारे पाच खेळाडू म्हणजे ‘ऑफेन्सिव्ह लाइन’ अर्थात आक्रमणाची पुढील फळी. मध्यभागी सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंस गार्ड आणि दोन्ही टोकांस टॅकल अशी तिची मांडणी असते.

या खेळाडूंचे वजन बहुधा १३५ किलोग्रॅमहून अधिक असते. सामान्यतः नियमानुसार त्यांना पुढे फेकलेला चेंडू झेलता येत नाही आणि गुणफलकावर त्यांचे नाव क्वचितच येते. चूक झाली की मात्र ते सर्वांच्या नजरेत भरतात. त्यांचे काम परस्परावलंबी असते. पाचांपैकी चौघांनी आपली जबाबदारी चोख पार पाडली आणि एकाने चूक केली, तर प्रतिस्पर्धी त्याच फटीतून क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचतो. म्हणजेच या फळीचे बळ तिच्यातील सर्वांत कच्च्या दुव्यावरून ठरते. त्यामुळे एक अतिशय महागडा खेळाडू आणून हा प्रश्न सुटत नाही. पाचही जागा किमान दर्जाच्या असाव्या लागतात आणि इथेच वेतनमर्यादेचा पेच निर्माण होतो.

वेतनमर्यादेची कार्यपद्धती :

एनएफएलमधील वेतनमर्यादा लीगच्या एकूण उत्पन्नाशी जोडलेली असून खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या सामूहिक करारातून ती ठरते. ती काटेकोर आहे. दंड भरून ओलांडण्याची मुभा तीत नाही. तथापि, करार अनेक वर्षांचे असल्यामुळे खर्चाची नोंद कोणत्या वर्षी करावयाची, याबाबत संघांना बराच वाव मिळतो.

उदाहरणार्थ, एखाद्या खेळाडूशी पाच वर्षांचा करार करून त्यास सही करताना २ कोटी डॉलरचा बोनस आणि पहिल्या वर्षी २० लाख डॉलर पगार दिला, असे समजू. खेळाडूच्या हाती पहिल्या वर्षी २.२० कोटी डॉलर पडतात. वेतनमर्यादेच्या हिशेबात मात्र बोनस पाच वर्षांत समान विभागला जातो. त्यामुळे पहिल्या वर्षाची नोंद ४० लाख अधिक २० लाख, म्हणजे केवळ ६० लाख डॉलर होते. उरलेला भार पुढील वर्षांवर जातो. दोन हंगामांनंतर संघाने त्या खेळाडूस मुक्त केले, तर बोनसचे नोंद न झालेले १.२० कोटी डॉलर संघाच्या खात्यावर येतात. १ जूननंतर मुक्त केल्यास हा भार दोन वर्षांत विभागता येतो. संघात नसलेल्या खेळाडूपोटी मर्यादेतील जागा अडवणाऱ्या या रकमेस ‘डेड मनी’ म्हणतात. थोडक्यात, वेतनमर्यादा ही उधारीवर चालणाऱ्या संसारासारखी आहे. खर्च पुढे ढकलता येतो, पण टाळता येत नाही.

याखेरीज दोन नियम ध्यानात घ्यावे लागतात. पहिला नियम नवोदितांविषयी आहे. महाविद्यालयीन खेळाडूंची ‘ड्राफ्ट’द्वारे दरवर्षी सात फेऱ्यांत निवड होते. २०११च्या सामूहिक करारापासून अशा खेळाडूंचे वेतन निवडीच्या क्रमांकानुसार जवळपास निश्चित असून त्यांचा करार चार वर्षांचा असतो. पहिल्या तीन हंगामांपर्यंत त्यास नव्या कराराची बोलणीही करता येत नाहीत. दुसरा नियम ‘फ्रँचायझी टॅग’चा. करार संपलेल्या एका खेळाडूस संघ एका वर्षासाठी मोठ्या ठरावीक वेतनावर राखून ठेवू शकतो.

२०२१ मधील फेररचना :

२०२०च्या हंगामात चीफ्सची पुढील फळी टप्प्याटप्प्याने ढासळत गेली. गार्ड लॉराँ दुव्हर्ने-टार्डिफ हा वैद्यकीय पदवीधर असून करोनाकाळात रुग्णसेवेसाठी त्याने त्या हंगामातून माघार घेतली. उजवा टॅकल मिचेल श्वार्ट्झ पाठीच्या दुखापतीमुळे हंगामाच्या मध्यास बाहेर पडला. २०१३च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला डावा टॅकल एरिक फिशर याच्या टाचेचा स्नायुबंध जानेवारी २०२१ मध्ये, अंतिम सामन्याच्या अगोदरच्या लढतीत तुटला. परिणामी सुपर बोलमध्ये पर्यायी खेळाडूंची फळी उतरवावी लागली. क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स त्या सामन्यात चेंडू हाती असतानाच तीन वेळा पाडला गेला, तर २९ वेळा त्याच्यावर प्रतिस्पर्ध्यांचा दबाव आला.

दुरुस्तीची वेळही प्रतिकूल होती. करोनामुळे प्रेक्षकांविना झालेल्या सामन्यांनी लीगचे उत्पन्न घटले आणि २०२० मधील १९.८२ कोटी डॉलरची मर्यादा २०२१ मध्ये १८.२५ कोटींवर आली. म्हणजे सुमारे ८ टक्क्यांची कपात झाली. शिवाय जुलै २०२० मध्ये महोम्सशी दहा वर्षांच्या मुदतवाढीचा ४५ कोटी डॉलरचा करार झालेला होता. या परिस्थितीत संघाने चार मार्ग एकत्रितपणे अवलंबिले.

पहिला मार्ग जागा मोकळी करण्याचा. ११ मार्च २०२१ रोजी फिशर व श्वार्ट्झ या दोघांनाही मुक्त करण्यात आले. त्याच महिन्यात महोम्सच्या देय रकमेचे बोनसमध्ये रूपांतर करून त्या वर्षीची नोंद सुमारे १.७ कोटी डॉलरने कमी करण्यात आली. दुसरा मार्ग अनुभवी खेळाडू विकत घेण्याचा. न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडून खेळलेला गार्ड जो थुनी याच्याशी पाच वर्षांचा ८ कोटी डॉलरचा करार झाला. तिसरा मार्ग अदलाबदलीचा. एप्रिलमध्ये बाल्टिमोर रेव्हन्सला पहिल्या फेरीतील निवडीसह काही ड्राफ्ट-निवडी देऊन डावा टॅकल ऑरलँडो ब्राउन यास आणले गेले. तो आपल्या नवोदित कराराच्या अखेरच्या वर्षात असल्याने २०२१ पुरता स्वस्त होता.

चौथा मार्ग ड्राफ्टचा आणि तोच निर्णायक ठरला. दुसऱ्या फेरीत, ६३व्या क्रमांकावर सेंटर क्रीड हम्फ्री आणि सहाव्या फेरीत, २२६व्या क्रमांकावर गार्ड ट्रे स्मिथ यांची निवड झाली. महाविद्यालयात असताना स्मिथच्या फुप्फुसांत रक्ताच्या गुठळ्या आढळल्या होत्या. त्यामुळे गुणवत्ता असूनही इतर संघ त्याच्याबाबत साशंक राहिले. सप्टेंबर २०२१ मधील पहिल्या सामन्यात ब्राउन, थुनी, हम्फ्री, स्मिथ आणि उजवा टॅकल लुकास नियांग असे पाच खेळाडू उतरले. सुपर बोलच्या फळीतील एकही खेळाडू त्यांत नव्हता.

यश आणि त्याची मुदत :

या फेररचनेचे फळ १२ फेब्रुवारी २०२३ रोजी दिसून आले. त्या वर्षीच्या सुपर बोलमधील प्रतिस्पर्धी फिलाडेल्फिया ईगल्सने साखळी सामन्यांत विरोधी क्वार्टरबॅकला ७० वेळा पाडले होते. अंतिम सामन्यात मात्र महोम्सला ते एकदाही पाडू शकले नाहीत आणि चीफ्सने ३८-३५ असा विजय मिळविला. पुढील वर्षीही अजिंक्यपद याच संघाकडे राहिले.

तथापि, ज्या स्वस्त करारांवर ही रचना उभी होती, ते मुळातच मुदतीचे होते. ब्राउन याला २०२२ मध्ये फ्रँचायझी टॅगखाली सुमारे १.६७ कोटी डॉलर द्यावे लागले. दीर्घ कराराची बोलणी फिसकटली आणि मार्च २०२३ मध्ये तो सिनसिनाटी बेंगल्सकडे गेला. त्यानंतर डाव्या टॅकलची जागा स्थिर झाली नाही. २०२४च्या हंगामाच्या उत्तरार्धात तर थुनी या कसलेल्या गार्डलाच तेथे हलवावे लागले. ९ फेब्रुवारी २०२५च्या सुपर बोलमध्ये ईगल्सने महोम्सला सहा वेळा पाडले आणि सामना ४०-२२ असा जिंकला. चार वर्षांपूर्वीचा प्रश्न पुन्हा त्याच जागी येऊन उभा राहिला.

दरम्यान हम्फ्रीशी ऑगस्ट २०२४ मध्ये चार वर्षांचा ७.२ कोटी डॉलरचा आणि स्मिथशी जुलै २०२५ मध्ये चार वर्षांचा ९.४ कोटी डॉलरचा करार झाला. या दोघांना राखताना तिसऱ्यास सोडणे भाग होते. मार्च २०२५ मध्ये थुनी यास चौथ्या फेरीतील एका निवडीच्या मोबदल्यात शिकागो बेअर्सकडे देण्यात आले. पुढल्याच महिन्यात पहिल्या फेरीत टॅकल जॉश सिमन्स याची निवड झाली. अशा रीतीने स्वस्त नवोदितापासून आरंभ होणारे चक्र पुन्हा सुरू झाले.

आर्थिक गणितामागील माणूस :

हे सारे विवेचन व्यवस्थापनाच्या दृष्टीने कौतुकास्पद वाटले तरी त्याची दुसरी बाजू दुर्लक्षून चालणार नाही. वेतनमर्यादेत ‘वाचलेला’ पैसा कोणाच्या तरी वाट्यातून आलेला असतो. स्मिथ चार हंगाम नियमितपणे संघाच्या पहिल्या पाचांत खेळला. या काळातील त्याचा मूळ करार एकूण ४० लाख डॉलरपेक्षाही कमी होता. त्यानंतरच्या करारात त्याच कामाचे मूल्य वर्षाला सरासरी २ कोटी ३५ लाख डॉलर ठरले. खेळाडू तोच होता, जागाही तीच होती. बदलला तो केवळ त्याचा बाजारात उतरण्याचा हक्क. ज्या खेळात कारकीर्द एका दुखापतीसरशी संपू शकते, तेथे चार वर्षे थांबावयास लावणे ही लहानसहान गोष्ट नव्हे. स्मिथला ते मूल्य अखेर मिळाले. मधल्या काळात जायबंदी होणाऱ्यांना ते कधीच मिळत नाही.

फिशर व श्वार्ट्झ यांची बाजू याहून कठोर आहे. संघासाठी खेळताना ते जखमी झाले आणि पराभवानंतर ३२ दिवसांनी संघाबाहेर पडले. एनएफएलमधील बहुतेक करारांतील पुढील वर्षांचे वेतन पूर्णतः हमीचे नसल्यामुळे हे नियमास धरूनच होते. श्वार्ट्झ त्यानंतर एकही सामना खेळला नाही. येथे कोणा एका संघास दोष देण्याचे कारण नाही. नियमांची रचनाच अशी आहे की जखमी शरीर हे हिशेबात प्रथम वजा होते.

अर्थात वेतनमर्यादेचे समर्थनही तितकेच सबळ आहे. तिच्यामुळे मोठ्या महानगरांतील संघांना पैशाच्या बळावर सर्व गुणवत्ता एकवटता येत नाही. कॅन्सस सिटीसारख्या तुलनेने लहान शहराचा संघ अजिंक्य ठरू शकतो, हे त्याचेच फलित. तसेच मर्यादा उत्पन्नाशी निगडित असल्याने लीगच्या भरभराटीत खेळाडूंना सामूहिक वाटा मिळतो. मात्र तो वाटा खेळाडूखेळाडूंत कसा विभागला जावा, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर ही व्यवस्था देत नाही.

निष्कर्ष :

१. वेतनमर्यादा खर्चाच्या रकमेबरोबरच खर्चाच्या वेळेचेही नियमन करते. म्हणून फेररचनेचे यश निवडीइतकेच करारांच्या कालक्रमावर अवलंबून असते.

२. परस्परावलंबी गटात सर्वोत्तम खेळाडूपेक्षा सर्वांत कमकुवत जागेचा विचार अगोदर करावा लागतो. चीफ्सने एका जागेवर सर्व पैसा न ओतता पाच जागांसाठी वेगवेगळे मार्ग योजले.

३. नवोदितांच्या स्वस्त करारांवर आधारलेली रचना स्वभावतःच अल्पायुषी असते. २०२१ मधील पाच जणांपैकी २०२५च्या पहिल्या सामन्यात हम्फ्री व स्मिथ हे दोघेच त्या फळीत उरले होते.

४. संघांमधील समता साधणारी व्यवस्था खेळाडूंमधील न्याय आपोआप साधत नाही. या दोहोंचा विचार स्वतंत्रपणे होणे आवश्यक आहे.

समारोप :

पुढील फळीतील खेळाडू चेंडू क्वचितच हाताळतात, पण त्यांच्या आधाराविना दुसऱ्या कोणासही तो पुढे नेता येत नाही. कोणत्याही संस्थेत असे काम करणारी माणसे असतात. त्यांचे मोल बहुधा ती जागेवर नसताना कळते. मर्यादित साधनांत संस्था चालवताना त्यांच्या श्रमाची नोंद कोणत्या खात्यात आणि कधी करावयाची, हा प्रश्न कॅन्सस सिटीच्या उदाहरणाने ठळकपणे पुढे आणला आहे.