कॉलेजच्या मैदानापासून सोलपर्यंत : व्हॉलीबॉल आणि चिकाटीचा हिशेब

आपल्या मंडळाच्या पानांवर किल्ले, बारव, शिलालेख आणि मोडी कागद यांवर पुष्कळ लिहून झालं आहे. आज जरा वेगळा विषय घेतो, व्हॉलीबॉलचा. खेळाचा आणि इतिहासाचा काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध आहे, आणि तो आपल्या हैदराबादी मराठी घरांतल्या माळ्यावरच्या ट्रंकेपर्यंत येऊन पोचतो.

खेळातल्या यशाबद्दल लिहिताना आपण ‘चिकाटी’ हा शब्द फार सहज वापरतो. जणू काही माणसं ती जन्मतः अंगी घेऊन येतात. मी पेशाने इंजिनियर, त्यामुळे कुठलाही भार उभा दिसला की तो कशावर टेकला आहे, हे पाहायची सवय. व्हॉलीबॉलचा इतिहास वाचताना मी तेच पाहिलं.

दोन खांब आणि एक जाळी

अमेरिकेतल्या होलिओक गावी वाय.एम.सी.ए.चे विल्यम मॉर्गन यांनी १८९५ साली हा खेळ तयार केला. पहिलं नाव होतं ‘मिंटोनेट’. पुढच्याच वर्षी त्याचं ‘व्हॉलीबॉल’ झालं. आपल्याकडे तो रुजवण्यात वाय.एम.सी.ए.चा मोठा वाटा आहे. मद्रासला १९२० साली हॅरी क्रो बक यांनी शारीरिक शिक्षणाचं कॉलेज सुरू केलं. तिथे शिकलेले व्यायामशिक्षक ठिकठिकाणच्या शाळा-कॉलेजांत गेले आणि असे खेळ सोबत घेऊन गेले. भारतीय व्हॉलीबॉल महासंघ स्थापन झाला १९५१ साली.

खेळ पसरायचं दुसरं कारण खर्चाचं. क्रिकेटला मोठं मैदान लागतं, हॉकीला प्रत्येकाला स्टिक. इथे अठरा मीटर लांब आणि नऊ मीटर रुंद सपाट जागा, दोन खांब, एक जाळी, एक चेंडू आणि रेघा आखायला पसाभर फक्की. संध्याकाळी पाणी मारून धूळ बसवली की काम झालं. पुरुषांसाठी जाळी २.४३ मीटर, बायकांसाठी २.२४. कॉलेजच्या आवारात कोपऱ्यातही हे मावतं.

उस्मानियाचा मराठवाडा

१९५६ पर्यंत मराठवाड्याचे पाच जिल्हे हैदराबाद राज्यात होते, हे आपल्याला माहीत आहे. पण राज्य गेलं तरी विद्यापीठ लगेच गेलं नाही. मराठवाडा विद्यापीठ १९५८ च्या ऑगस्टमध्ये निघालं. तोवर तेव्हाच्या औरंगाबादचं सरकारी कॉलेज काय किंवा नांदेडचं पीपल्स कॉलेज काय, ती उस्मानियाला जोडलेली होती. विद्यापीठ एक, म्हणून विद्यापीठाचा संघही एक. गोदावरीकाठच्या पोराला विद्यापीठाकडून खेळायचं, तर त्याचा रस्ता हैदराबादवरूनच जायचा.

आज आंतरविद्यापीठ स्पर्धांत उस्मानिया दक्षिण विभागात आणि मराठवाड्याचं विद्यापीठ पश्चिम विभागात. राज्यपुनर्रचनेवर आपण भाषा आणि सीमा यांच्या अंगाने बोलतो, पण तिने खेळाच्या वाटासुद्धा अशा तोडल्या आणि नव्याने जोडल्या.

जुन्या नियमाचं गणित

आता थोडं आकड्यांचं बोलू. आज प्रत्येक रॅलीला गुण मिळतो आणि सेट २५ चा असतो. ही पद्धत जुनी नाही. आंतरराष्ट्रीय महासंघाने तसा निर्णय घेतला १९९८ साली. त्याआधी सेट १५ चा होता आणि ज्याची सर्व्हिस त्यालाच गुण. समोरच्याने रॅली जिंकली तर त्याला फक्त सर्व्हिस मिळायची, फळ्यावरचा आकडा तसाच राहायचा.

सर्व्हिस करणारा संघ तीनपैकी एक रॅली जिंकतो, असं समजू. म्हणजे एका गुणामागे सरासरी तीन रॅली. १५-१० असा सेट झाला तर २५ गुण, म्हणजे ७५ रॅली. चार सेटला झाल्या ३००. आजच्या पद्धतीत २५-२० चा सेट ४५ रॅलींत उरकतो, चार सेट १८० मध्ये. आकडे समजुतीपुरते धरले आहेत, पण फरक ध्यानात येतो. जुन्या खेळाडूला दहा-दहा मिनिटं जीव तोडून खेळून फळा तिथेच दिसायचा. काही मिळत नसताना तितक्याच जोराने पुढची उडी मारायची, हे त्या नियमानेच शिकवलं.

दुसरा हिशेब वेळेचा. स्मॅश तासाला ९० किलोमीटर वेगाने आला, म्हणजे सेकंदाला २५ मीटर. जाळीपासून मागची रेघ नऊ मीटरवर. चेंडू पोचायला लागतो ०.३६ सेकंद. तेवढ्यात बघून, ठरवून, हलून होत नाही. उचलणाऱ्याला मारणाऱ्याच्या खांद्यावरून आधीच ओळखावं लागतं. ही ओळख पुस्तकातून येत नाही. तोच चेंडू हजारो वेळा उचलल्यावर येते. त्यासाठी रोज समोरून चेंडू मारणारा कुणीतरी लागतो. तो स्वतः संघात निवडला जाईलच असं नाही.

आशियात तेव्हा नऊ जणांचा खेळही चाले. त्यात जागा बदलायची नसते, त्यामुळे बुटक्या पण चपळ खेळाडूला मागची जागा कायमची मिळे. सहाच्या खेळात सगळ्यांना आळीपाळीने जाळीवर यावं लागतं, आणि ठेंगण्यांची पंचाईत झाली. १९५८ च्या टोकियो आशियाई स्पर्धेत दोन्ही प्रकार होते. नुसतं चेंडू उचलणाऱ्याला नियमात पुन्हा जागा मिळाली ती १९९८ साली, ‘लिबेरो’ म्हणून.

तीन पदकं

भारतीय पुरुष संघाने सहाच्या खेळात १९५८ साली टोकियोत कांस्य आणि १९६२ साली जाकार्तात रौप्य मिळवलं. मग थेट १९८६ साली सोलला, जपानला हरवून, कांस्य. मध्ये चोवीस वर्षं गेली. व्हॉलीबॉल प्रशिक्षक ए. रमणा राव यांना पुढे १९९० चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.

त्या संघात जिमी जॉर्ज होते. जन्म १९५५, केरळातलं पेरावूर. ते केरळ विद्यापीठाकडून खेळले, मग केरळ पोलिसांत लागले, नंतर अबुधाबी आणि इटलीतल्या क्लबांत गेले. १९७४ ला तेहरान, १९७८ ला बँकॉक, दोन्हीकडून पदकाविना परत. तिसऱ्या खेपेला, बारा वर्षांनी, सोलला कांस्य. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात इटलीत मोटार अपघातात ते गेले.

त्याच संघात आपल्याकडचे पी. व्ही. रमणा होते. रमणा आणि त्यांच्या पत्नी विजया, दोघंही व्हॉलीबॉलपटू आणि दोघंही रेल्वेत. दक्षिण मध्य रेल्वेचं मुख्यालय १९६६ पासून सिकंदराबादला आहे. रमणांना अर्जुन पुरस्कार मिळाला २००० साली, पदकानंतर चौदा वर्षांनी. त्यांची मुलगी पी. व्ही. सिंधू बॅडमिंटनचे पहिले धडे सिकंदराबादच्या रेल्वे सिग्नल आणि दूरसंचार संस्थेच्या कोर्टवर शिकली. हैदराबादचेच अब्दुल बासित यांना १९८९ चा अर्जुन मिळाला.

आता भार कशावर टेकला आहे ते पाहा. कॉलेज सुटल्यावर पोरगा तेविसाचा असतो आणि घरचे नोकरी बघ म्हणतात. रेल्वे आणि पोलीस यांसारख्या खात्यांनी खेळाडू म्हणून नोकरी दिली, पगार दिला आणि सरावाला सुट्टी दिली. म्हणून तेविसाव्या वर्षी थांबणारा खेळ तिशीपर्यंत चालला. मेहनत त्यांचीच, तिला कमी लेखत नाही. पण मैदान, व्यायामशिक्षक, समोरून चेंडू मारणारा सोबती आणि महिन्याचा पगार, या चार खांबांवर ती उभी होती. एक खांब काढा आणि बघा काय होतं ते. सोलनंतर २०२३ च्या हांगझोऊ स्पर्धेपर्यंत आपल्याला पदक मिळालेलं नाही. तिथे दक्षिण कोरियाला ३-२ हरवून भारत सहावा आला.

ट्रंकेतले कागद

पदकवाल्यांची नावं सरकारी यादीत आहेत, ती कुठे जात नाहीत. जाताहेत ती बाकीच्यांची. कॉलेज संघाचे गटफोटो आठवा : मध्ये खुर्चीवर प्राचार्य, शेजारी मांडीवर चेंडू घेतलेला कॅप्टन, मागे उभे खेळाडू, खाली नुसती आद्याक्षरं आणि आडनावं. कॉलेजची वार्षिकं, स्पर्धेची प्रमाणपत्रं, रेल्वेच्या निवडीची पत्रं, हे सगळं रद्दीत चाललं आहे. विशेषतः १९५८ पूर्वी मराठवाड्यातून येऊन उस्मानियाकडून खेळलेल्यांचं. आज ते हयात असले तर ऐंशीच्या पुढचे आहेत.

तेव्हा वाचकांना विनंती. घरातल्या आजोबांना, काकांना, आत्यांना एकदा विचारा. फोटो असेल तर उभ्या असलेल्यांची पूर्ण नावं, गाव आणि साल त्यांच्याकडूनच पेन्सिलीने मागे लिहून घ्या. शाईचा पेन नको, डाग पुढे उमटतो. आणि त्यांना एवढंही विचारा, की रोज समोरून चेंडू कोण मारायचं? ते नाव कुठल्याच यादीत सापडत नाही.