आर्क्टिकचा ससाणा आणि निवेदकाचा आवाज

उत्तर ध्रुवाभोवतालच्या हिमप्रदेशातील शिकारी पक्ष्यांवरचे माहितीपट आता गोव्यातही घरोघरी पाहिले जातात. बर्फाळ माळावरून तरंगत जाणारे हिमघुबड, कड्याच्या कपारीत बसलेला जायरफाल्कन, समुद्रपक्ष्यांच्या थव्यात सूर मारणारा बहिरी ससाणा ही दृश्ये प्रेक्षकांच्या चांगलीच परिचयाची झाली आहेत. पडद्यावर दिसते ते कॅमेऱ्याने टिपलेले असते; त्यातून आपण जे समजतो ते मात्र बहुतांशी निवेदकाने सांगितलेले असते. पक्ष्याच्या वतीने कोण बोलतो, कोणत्या शब्दांत बोलतो आणि काय सांगायचे टाळतो, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. गोव्यातील प्रेक्षकाने ते द्यावे याला एक खास कारण आहे. या दृश्यांतील एक पक्षी दर हिवाळ्यात आपल्याच किनाऱ्यावर येतो.

निवेदन कसे तयार होते?

वन्यजीव माहितीपटाचे चित्रीकरण महिनोन्‌महिने, काही वेळा वर्षानुवर्षे चालते. शिकारी पक्षी माणसाला जवळ येऊ देत नाहीत, म्हणून छायाचित्रकार शेकडो मीटर दूर बसून लांब पल्ल्याच्या भिंगातून चित्रण करतो. इतक्या अंतरावरून चित्र स्पष्ट मिळते, आवाज मिळत नाही. त्यामुळे पंखांचा फडफडाट, बर्फावरील पावलांची करकर, भक्ष्य पकडतानाचा झटका हे आवाज पुष्कळदा ध्वनिमुद्रणगृहात तयार करून नंतर जोडलेले असतात. अमेरिकी चित्रपटांत टकल्या गरुडाच्या तोंडी लाल शेपटीच्या बाजाची कर्कश किंकाळी घालण्याची प्रथा तर प्रसिद्धच आहे. त्या गरुडाचा खरा आवाज किरटा असल्याने तो पडद्यावर शोभत नाही, एवढेच त्याचे कारण.

संकलनाच्या टेबलावर निरनिराळ्या दिवशी टिपलेल्या तुकड्यांतून एक सलग शिकार उभी राहते. पडद्यावर जी एकच मादी वाटते, ती कधी दोन-तीन वेगवेगळ्या पक्ष्यांच्या चित्रणातून साकारलेली असते. यानंतर निवेदनाची संहिता लिहिली जाते आणि अखेरीस निवेदक ती वाचतो. तो त्या प्रदेशात कधी गेलेलाही नसू शकतो. यात फसवणूक असतेच असे नाही. मात्र निवेदन हा निसर्गाचा आवाज नसून नंतर लिहिलेला मजकूर आहे, हे ध्यानात ठेवावे लागते.

या मजकुराने किती दूर जावे, याचे सर्वांत कुप्रसिद्ध उदाहरण आर्क्टिकविषयीचेच आहे. डिस्ने कंपनीच्या १९५८ सालच्या ‘व्हाइट वाइल्डरनेस’ या चित्रपटात लेमिंग नावाचे उंदरासारखे छोटे प्राणी झुंडीने कड्यावरून समुद्रात उड्या घेताना दाखवले गेले आणि विन्स्टन हिबलर यांच्या भारदस्त निवेदनाने त्या दृश्याला शोकांतिकेची गंभीरता दिली. या चित्रपटाला ऑस्कर मिळाले. पुढे १९८२ मध्ये सीबीसी या कॅनडाच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने त्यामागचे सत्य उघड केले. चित्रण समुद्रकिनारा नसलेल्या अल्बर्टा प्रांतात झाले होते, लेमिंग दुसऱ्या प्रांतातून विकत आणलेले होते आणि त्यांना कड्यावरून ढकलण्यात आले होते. लेमिंग सामूहिक आत्महत्या करतात, ही समजूत तरीही आजतागायत जगभर टिकून आहे.

अलीकडचे उदाहरण सौम्य आहे. बीबीसीच्या २०११ मधील ‘फ्रोझन प्लॅनेट’ मालिकेत ध्रुवीय अस्वलाच्या नवजात पिलांचे चित्रण नेदरलँड्समधील प्राणिसंग्रहालयात झाले होते. संस्थेने ही माहिती आपल्या संकेतस्थळावर दिली होती. डेव्हिड ॲटनबरो यांच्या निवेदनात मात्र तिचा स्पष्ट उल्लेख नव्हता. त्यावरून बराच वाद झाला. निवेदनात जे येत नाही, त्याचाही प्रेक्षकावर परिणाम होतो.

खलनायक कोण?

शिकारी पक्ष्यांच्या निवेदनात आणखी एक अडचण असते. ज्याची कथा, त्याचा पक्ष. हिमघुबड नायक असेल तर लेमिंग केवळ ‘अन्न’ ठरतो. टार्मिगन पक्ष्याच्या पिलांची कथा असेल तर झडप घालणारा जायरफाल्कन ‘मारेकरी’ ठरतो. घटना तीच असते, विशेषणे बदलतात.

प्रत्यक्षातील व्यवहार या विशेषणांत मावत नाही. लेमिंगांची संख्या साधारण तीन ते पाच वर्षांच्या चक्राने वाढते आणि कोसळते. लेमिंग मुबलक असलेल्या वर्षी हिमघुबडाची मादी दहा-अकरापर्यंत अंडी घालते. दुष्काळी वर्षी एकही घालत नाही. पहिले अंडे घालताच ती ते उबवू लागते, त्यामुळे पिले एकामागून एक बाहेर येतात आणि घरट्यात लहानमोठी भावंडे दिसतात. अन्न कमी पडले तर सर्वांत धाकटे पिलू मरते, थोरले जगतात. निवेदक येथे ‘आईचा निर्धार’ आणि ‘नियतीचा क्रूर खेळ’ असे शब्द वापरतो. ते ऐकून प्रेक्षक हळहळतो. पण लेमिंगांच्या संख्येवर सारे घरटे अवलंबून आहे, ही खरी माहिती त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

सायबेरियाच्या तैमिर द्वीपकल्पातील उदाहरण तर खलनायकाची कल्पनाच उलटी करणारे आहे. तेथे लाल छातीचे कलहंस आपली घरटी मुद्दाम बहिरी ससाण्याच्या घरट्याशेजारी बांधतात. ससाणा आपल्या घरट्याजवळ आर्क्टिक कोल्ह्याला फिरकू देत नाही, म्हणून कलहंसांची अंडीही सुरक्षित राहतात. ज्याला आपण मारेकरी म्हणतो, त्याच्याच आश्रयाने भक्ष्य होऊ शकणाऱ्या पक्ष्याचा संसार चालतो.

आकडेही याच दृष्टीने तपासून घ्यावेत. बहिरी ससाण्याचा ताशी ३८९ किलोमीटर हा वेग पुष्कळदा सांगितला जातो. तो खरा आहे. मात्र तो १९९९ मध्ये अमेरिकेत विमानातून सोडलेल्या, माणसाने शिकवलेल्या मादी ससाण्याचा आहे. रानातील ससाणा रोज त्या वेगाने झेपावत नाही आणि त्याच्या बहुतेक झेपा रिकाम्याच जातात. माहितीपटात मात्र यशस्वी झेप तेवढी उरते.

मराठीत सांगायचे तर

भारतात १९९५ मध्ये डिस्कव्हरी वाहिनी आली आणि पुढे हिंदी निवेदनामुळे हे माहितीपट सर्वसामान्य घरांत पोहोचले. गोव्यातील मराठी वाचक असो की सुरतेच्या कोसाड, उधना, लिंबायत या भागांतील मराठी कुटुंब, निसर्गाची ही भाषा बहुतेकांनी हिंदीतून किंवा इंग्रजीतून ऐकली. ‘खूँखार शिकारी’ यांसारखे शब्दप्रयोग त्यातूनच आपल्या बोलण्यात आले.

मराठीत निवेदन लिहायला बसले की पहिल्याच वाक्यात प्रश्न उभा राहतो तो लिंगाचा. ससाणा पुल्लिंगी, घार स्त्रीलिंगी, घुबड नपुंसकलिंगी. इंग्रजी निवेदक मादीला सहज स्त्रीवाचक सर्वनाम लावतो आणि क्रियापद तसेच राहते. मराठीत क्रियापदही बदलते. शिकारी पक्ष्यांत मादी सहसा नरापेक्षा मोठी आणि बलवान असते. तरीही ‘ससाणा झेपावला’ असे लिहिले की ऐकणाऱ्याच्या मनात नर उभा राहतो. जुन्या काळातील बाजदारांना ही अडचण नव्हती. त्यांच्या परिभाषेत नर आणि मादीला स्वतंत्र नावे होती, जसे मादीला ‘बाज’ आणि तिच्या नराला ‘जुर्रा’. त्यांचे पोट त्या भेदावर चालत होते, म्हणून तो भाषेत उतरला.

घुबडाची गोष्ट आणखी वेगळी. ‘ते घुबड’ म्हटले की थोडे अंतर आपोआप राखले जाते आणि अतिरेकी भावुकता टळते. मात्र आपल्याकडे घुबड अपशकुनी मानले जात असल्याने, त्या शब्दामागे भयसूचक संगीत वाजले की जुना पूर्वग्रह पक्का होतो. मराठी निवेदकाने शब्द निवडताना हा वारसाही लक्षात घ्यायला हवा.

प्रादेशिक भाषेत असे काम होऊ शकते, हे शेजारच्या राज्याने दाखवून दिले आहे. ‘वाइल्ड कर्नाटक’ या माहितीपटाचे इंग्रजी निवेदन ॲटनबरो यांचे, तर कन्नड निवेदन अभिनेते ऋषभ शेट्टी यांचे आहे.

हिवाळ्यातला पाहुणा

बहिरी ससाण्याच्या शास्त्रीय नावातील ‘पेरेग्रिनस’ या लॅटिन शब्दाचा अर्थच वाटसरू असा आहे. युरोप-आशियाच्या टुंड्रा प्रदेशात वीण करणारी त्याची ‘कॅलिडस’ ही उपजात हिवाळ्यात दक्षिणेकडे उतरते आणि भारतात साधारण ऑक्टोबर ते मार्च या काळात आढळते. सह्याद्रीच्या कड्यांवर बारमाही राहणारा शाहीन हा याच जातीचा, पण वेगळ्या उपजातीचा. तो अधिक गडद आणि पोटाकडे तांबूस असतो. उत्तरेकडून येणारा पाहुणा फिकट आणि आकाराने मोठा. युरेशियातील आर्क्टिकच्या सहा ठिकाणच्या ५६ ससाण्यांवर उपग्रह-संदेशक बसवून त्यांचे प्रवासमार्ग शोधणारा अभ्यास २०२१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ध्रुवापासून उष्ण कटिबंधापर्यंतचा हा प्रवास ते दरवर्षी करतात.

माहितीपटात आर्क्टिक म्हणजे माणसापासून तुटलेले, शुभ्र, वेगळे जग असते. ससाण्याचा इतिहास नेमका याच्या उलट आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर डीडीटी या कीटकनाशकामुळे त्याच्या अंड्यांची कवचे पातळ झाली आणि अनेक देशांतून तो जवळजवळ नाहीसा झाला. अलास्काच्या निर्जन टुंड्रातील ससाण्यांची अंडीही फुटली, कारण ते आणि त्यांचे भक्ष्य हिवाळ्यात दक्षिणेकडे जाऊन ते विष अंगात घेऊन परतत होते. अमेरिकेने १९७२ मध्ये डीडीटीचा शेतीतील वापर थांबवला आणि १९९९ पर्यंत तेथे ससाण्याचे नाव संकटग्रस्तांच्या यादीतून वगळता आले.

म्हणून ‘आर्क्टिकचा पक्षी’ हे वर्णन अपुरे आहे. वर्षातील कित्येक महिने तो आपल्यासारख्यांच्या किनाऱ्यावर, खाडीकाठच्या चिखलवटीवर उतरणाऱ्या पाणपक्ष्यांवर आणि शहरांतील कबुतरांवर जगतो. चोडण बेटाचा किनारा, करमळीचे तळे, मोरजीची खाडी, खाजन जमिनी या जागा पाणपक्ष्यांसाठी राहिल्या तरच त्यांच्यामागून येणारा ससाणाही राहील. ही गोष्ट कोणत्याही परदेशी निवेदकाच्या संहितेत येणार नाही, कारण त्याचा कॅमेरा बर्फ संपला की थांबतो.

पुढच्या वेळी असा माहितीपट पाहताना तीन प्रश्न मनाशी ठेवावेत. हे दृश्य कोठे आणि किती दिवसांत टिपले असेल? निवेदकाने वापरलेले विशेषण माहिती देते की केवळ बाजू घेते? आणि हा पक्षी वर्षाचे उरलेले महिने कोठे असतो? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधायला नोव्हेंबरात एखाद्या सकाळी दुर्बीण घेऊन मांडवीच्या काठाशी गेले तरी चालेल. तेथे निवेदक नसतो. पाणपक्ष्यांचा थवा एकाएकी उठला तर तो का उठला, हे आपले आपणच पाहायचे असते.